अण्णांचा गुडघा आणि बिनगाडीचे तीन दिवस

कर्जतला लोक फार्महाउसवर जातात, नदीत पाय सोडून बसतात आणि रविवारी संध्याकाळी वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन घरी परततात. मी गेले ती वडिलांच्या गुडघ्यापायी. परत येऊन आता बरेच दिवस झाले, राग उतरलाय, म्हणून लिहायला बसले आहे. पूर्ण उतरलाय असं नाही. लिहिता लिहिता अधूनमधून वर येईल, तेवढं सांभाळून घ्या.

माझे वडील, म्हणजे अण्णा, रसायनीच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. उभा जन्म इंधन जाळून वाफ करण्यात गेला. आई गेल्यावर ते माझ्याकडे नाशिकला आले, आणि रिकामपण आल्यावर त्यांच्या डोक्याने एकच विषय धरला: माणूस इथून तिथे न्यायला किती जळतं? माझी छोटी मोटार दारात उभी असते. तिला ते 'कपाट' म्हणतात. "तुझं वजन केवढं आणि त्या कपाटाचं केवढं? दुधाची पिशवी आणायला लोखंडाचं कपाट ओढत नेतेस!" मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. दिवसभर मुलांपुढे घसा कोरडा करून आल्यावर घरी हे व्याख्यान ऐकायचं.

त्यांचा उजवा गुडघा पार झिजलाय. तो बदलायला हवा असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. अण्णा वर्षभर टाळत होते. कधी थंडी, कधी पाहुणे, कधी डॉक्टरांचा चेहराच आवडला नाही. शेवटी मी एकदा जेवता जेवता ताट बाजूला सारलं, तेव्हा म्हणाले, "ठीक आहे. करीन ऑपरेशन. पण आधी तू माझ्याबरोबर तीन दिवस आपल्या जुन्या मुलखात फिरायचं. तुझं कपाट इथेच ठेवून. मग बघ कशाला किती लागतं ते."

मी रजा टाकली. संक्रांतीच्या आधीचे दिवस होते.

कर्जत

स्टेशनजवळच्या लॉजवर सामान टाकलं आणि अण्णांनी लॉजच्या मालकाला विचारलं ते जेवणाचं नाही, सायकलींचं. शहरातून येणाऱ्या हौशी मंडळींसाठी तो गिअरच्या सायकली ठेवतो. मला वाटलं, या गुडघ्याने हे कसले चालवतात! पण सायकलवर अंगाचा भार गादीवर असतो, गुडघ्यावर नाही. जिना चढताना 'आई गं' करणारे अण्णा नदीकाठच्या रस्त्याला पाण्यावरून सरकावं तसे सरकत पुढे गेले. मागे मी. थंडी होती, भात कापून झालेल्या शेतांत वालाचे वेल पसरले होते, लांब माथेरानच्या डोंगरावर निळसर धूर बसल्यासारखा दिसत होता. हे सगळं मी नंतर आठवून लिहिते आहे. त्या वेळी मला फक्त अण्णांची पाठ आणि माझा श्वास एवढंच जाणवत होतं.

"चालणाऱ्यापेक्षा सायकलवाला कितीतरी कमी भाकरीत तेवढंच अंतर जातो," अण्णा मागे न बघता ओरडले. "माणसाने इतकं काटकसरीचं दुसरं वाहन काढलेलं नाही!"

"मग मला एवढी भूक का लागलीय?"

"तू चुकीच्या गिअरमध्ये आहेस."

मी गिअर बदलायला गेले आणि साखळी निसटली. ती बसवताना हात काळे झाले, मग कपाळावरची बट मागे सारताना कपाळ काळं झालं, आणि अण्णा शेजारी उभे राहून चाकाला रस्त्याचं घर्षण किती कमी होतं ते समजावत राहिले. हातातला फडका मात्र पुढे करेनात. बांधावर शेंगा तोडत असलेल्या एका बाईला माझी दया आली. तिने मूठभर शेंगा दिल्या. "खा गं बाय. बाप लय बोलतो काय तुझा?"

दुपारी एका घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी, वालाची उसळ आणि सुकटाची चटणी मिळाली. आमच्या नाशिककडे या दिवसांत बाजरीची भाकरी असते. एक खाल्ली की संध्याकाळपर्यंत पोट बोलत नाही. इथली भाकरी पांढरीशुभ्र, मऊ, घडी घातली तरी न मोडणारी, आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. मी तसं म्हटल्यावर अण्णांना वाहनाऐवजी भाकरीवर बोलायला विषय मिळाला. त्या विषयात मात्र मी त्यांना खोडून काढलं नाही, कारण तोंडात घास होता.

कुंभिवली

दुसऱ्या दिवशी रसायनीला जायचं होतं. तिथे अण्णांचे जुने सहकारी इस्माईलकाका राहतात. कर्जतहून सरळ एखादी गाडी ठरवली असती तर गप्पा मारता मारता पोचलो असतो. पण खोपोलीपर्यंत लोकल आणि पुढे सहा आसनी, असा अण्णांचा बेत.

सहा आसनी म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ती एक फुगवलेली रिक्षा असते. तिच्यात किती माणसं बसतात याचा तिच्या नावाशी काही संबंध नसतो. आम्ही बसलो, आणि बसूनच राहिलो. ड्रायव्हर बाहेर उभा राहून 'कुंभिवली, कुंभिवली' ओरडत होता.

"दादा, निघू या ना आता," मी म्हटलं.

"सीट भरल्याशिवाय गाडी हलनार नाय, म्याडम."

"बघ," अण्णा खूष. "यालाच मी म्हणतो शहाणपण. इंजिन कुठलं आहे याला फारसं महत्त्व नाही. ते भरलंय की रिकामं हे महत्त्वाचं. खच्चून भरलेली डिझेलची रिक्षा तुझ्या एकटीच्या गाडीपेक्षा माणशी कितीतरी कमी जाळते."

खच्चून भरणं म्हणजे काय हे मला पुढच्या प्रवासात कळलं. माझ्या एका मांडीवर शेजारणीची कांद्यांची पिशवी होती, दुसऱ्या मांडीवर तिची नात. नातीला झोप लागली आणि तिची लाळ माझ्या कुर्त्यावर उतरली. वर डिझेलचा धूर. तोंड दाबून मी मनातल्या मनात माझ्या कपाटाच्या गार काचा आठवत होते.

कुंभिवलीला हायवेच्या कडेला पुढच्या रिक्षेची वाट बघत आम्ही चहाला थांबलो. समोरून गाड्यांचा लोंढा चाललेला. अण्णा बाकावर बसून मोठ्याने बोलत होते: "एक माणूस. हा पण एकच. ह्याच्यात एक माणूस आणि एक कुत्रं." टपरीवाला हसत होता. मी दुसरीकडे बघत होते, हे माझे कुणी नाहीत अशा चेहऱ्याने.

तेवढ्यात एक मोठी पांढरी गाडी टपरीपाशी थांबली. एक तिशीचा माणूस उतरला, चहा सांगितला. गाडीचं इंजिन चालूच, काचा बंद. अण्णा उठले. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला आणि लंगडत त्याच्याकडे गेले.

"काय हो, गाडी उभी आणि इंजिन चालू? एका चहासाठी एवढं तेल जाळायचं? कशासाठी?"

त्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं. चिडला नाही. थकलेला दिसत होता. "आजोबा, आत आई झोपलीय माझी. मुंबईला तिची ट्रीटमेंट चालू आहे, ती घेऊन साताऱ्याला चाललोय. तिला उकाडा सहन होत नाही. एसी बंद केला की उलट्या होतात."

अण्णा काचेकडे वळले. मागच्या काचेतून डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई दिसत होती, उशीला गाल लावून झोपलेली. मी पुढे होऊन माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या हो ताई." चहा घेऊन गाडीत बसला, गेला.

मी अण्णांवर तोंडसुख घेतलं. मागचे दोन दिवस आणि त्याआधीचं वर्ष, सगळं एकत्र काढलं. कुणाच्या घरात काय चाललंय ते न विचारता माणसाला तराजूत घालता, असं बरंच काही म्हणाले. टपरीवाल्याने हळूच रेडिओचा आवाज वाढवला. अण्णा बाकावर बसून गुडघा चोळत राहिले. पुढची रिक्षा आली, भरली, निघाली, तरी त्यांनी तिच्याबद्दल एक शब्द काढला नाही.

रसायनी

पाताळगंगा नदीच्या कडेने रसायनीत शिरलं की मला आजही तो वास येतो. खरंच येतो की मला लहानपणचा आठवतो, ते सांगता येणार नाही. आमच्या जुन्या वसाहतीतल्या बऱ्याच खोल्यांना कुलपं होती. आमच्या दारात पिंपळाचं रोप उगवलंय.

इस्माईलकाका दारातच उभे होते. "काय रं दत्त्या! लंगडतोस काय असा? आणि पोरीला का फरफटत आणलंस?" अण्णांना दत्त्या म्हणणारा आता हा एकच माणूस उरलाय.

काकांनी बॅटरीवरची स्कूटर घेतलीय. ती त्यांना कधी दाखवीनसं झालं होतं. अण्णांनी तिच्यावरून एक चक्कर मारून पाहिली आणि उतरताना गुडघा धरला. मग दोघांची जुंपली.

"ही वीज येते कुठून, रं? कोळशातूनच ना? मग धूर माझ्या दारात नाही, दुसऱ्याच्या दारात, एवढंच." काकांनी अण्णांना डिवचलं.

"अरे, पण मोटर निम्मीअधिक ऊर्जा उष्णतेत वाया घालवत नाही तुझ्या जुन्या स्कूटरसारखी. बॉयलरवर होतास, एवढं कळत नाही तुला?" अण्णा तडकले.

"कळतं. म्हणून तर घेतली. पण तुझ्यासारखं गावभर सांगत नाय फिरत."

काकांच्या पत्नी सकिनाचाची आतून म्हणाल्या, "विद्या, तू आत ये गं. यांचं असंच चालायचं. कारखान्यात पण असंच करायचे, मग वाफ कमी व्हायची."

संध्याकाळी अंगणात पोपटी लावली. वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भरून ते उलटं ठेवायचं आणि भोवती काटक्या-पेंढा पेटवायचा. शेंगांना लागणारा तो पाल्याचा वास नाशिकला कितीही खटपट केली तरी जमत नाही. मी एकदा गॅसवर करून पाहिली होती. चाचींना ते सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

जेवताना काकांनी सरळच विचारलं, "दत्त्या, गुडघ्याचं कधी करतोस?"

"हा प्रवास झाला की."

"हा झाला की दुसरा काढशील."

अण्णांनी शेंग सोलत सोलत विषय बदलला. मला काकांचं म्हणणं पटलं. हा माणूस शब्द पाळणार नाही, आपल्याला नुसतं हिंडवतोय, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

ठाकुरवाडी

शेवटच्या दिवशी परत कर्जतला येऊन घाट. आगगाडी हे अण्णांचं खरं दैवत. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक, म्हणजे घर्षण नावापुरतं, आणि एका वेळी गावच्या गाव उचलून नेते. कर्जतला गाडीच्या मागे जास्तीची इंजिनं लागली, ढकलायला, आणि आम्ही लोणावळ्यापर्यंत चढलो. चिक्की घेतली, चहा घेतला, आणि उतरणाऱ्या सावकाश गाडीत बसलो. खिडकीतून दरी, बोगदे, पुन्हा दरी. मी थोडी निवळले होते. अण्णा सांगत होते, उतरताना इंजिन ब्रेक लावतं तेव्हा मोटर उलट वीज करते, ती वरच्या तारेत जाते आणि चढणाऱ्या गाडीच्या कामी येते. "उतरणारा चढणाऱ्याला हात देतो, बघ." हे मात्र मला आवडलं, आणि मी तसं म्हणाले. तिथेच चुकलं. कौतुक झालं की अण्णा चेकाळतात.

ठाकुरवाडीला उतरणाऱ्या गाड्या ब्रेक तपासायला जराशा थांबतात. आमची थांबली. शेजारच्या रुळावरून खालून एक मालगाडी चढत येत होती. "चढणारी आणि उतरणारी एकत्र!" असं म्हणत अण्णा दाराकडे गेले. मी पिशव्या सावरत "अण्णा, इथे उतरायचं नसतं" म्हणेपर्यंत ते पायरीवरून खाली गेले होते. पायरी उंच, खाली खडी. गुडघा मुडपला आणि ते बसलेच. मी पिशवी टाकून उडी मारली. गाडीने शिट्टी दिली आणि आमच्या सामानासकट निघून गेली.

तिथला रेल्वेचा माणूस धावत आला. आधी ओरडला, ते योग्यच होतं. मग पाणी दिलं. अण्णांचा गुडघा बघता बघता नारळाएवढा झाला. मोबाइलवरून त्याने पुढे कळवलं, आमची पिशवी कर्जतला उतरवून घ्यायची सोय केली. "माणसं घ्यायला संध्याकाळी एक गाडी थांबंल. पण यांना त्या पायरीवर चढवनार कसं? रस्ता खाली हाय. पायवाटंनं जावं लागंल."

मी डोक्याला हात लावून बसले. ओरडायचीही ताकद नव्हती. अण्णा पाय पसरून कठड्याला टेकले होते. मग म्हणाले, "विदू, तुझी आई चालत गेली होती."

"कुठे?"

"ऑपरेशनला. स्वतःच्या पायांनी आत गेली. दारातून मागे वळून मला म्हणाली, डबा धुऊन ठेवा." ते थांबले. "मला ते दार नको वाटतं गं."

वर्षभर मी त्यांच्या हट्टाशी भांडत होते. भीतीशी कुणी भांडलंच नव्हतं, कारण ती त्यांनी दाखवली नव्हती. मला रडू आलं, आणि रागही आला, की हे सांगायला इथे, या खडीवर येऊन पाय मोडून घ्यायची काय गरज होती! मी दोन्ही बोलून दाखवलं. 

रेल्वेच्या माणसाने वाडीत निरोप धाडला होता. हिराबाई नावाची एक ठाकर बाई आली, मागून तिचा नवरा, दीर आणि आणखी दोघे. त्यांनी घोंगडी बांबूला बांधून झोळी केली. आपसात ते काय बोलत होते ते मला अर्धंच कळत होतं.

अण्णा उठायला लागले. "नको, नको. मी धरून धरून चालतो. एका माणसासाठी चार माणसं म्हणजे..."

"तुमी गप ऱ्हावा, बाबा," हिराबाई म्हणाली. "अर्ध्या वाटंत बसलाव तं आमाला पुन्हा वर यावं लागंल. माझी सून अशीच नेली बाळंतपनाला. ती पन नको नको करीत व्हती."

"मग?"

"मग काय? नातू झाला. आता खांद्यावरनं उतरत नाय."

पायवाट उभी होती, सुटे दगड, करवंदीच्या जाळ्या. पुढे हिराबाई काटे बाजूला सारत, मध्ये झोळी, मागे मी अण्णांच्या चपला हातात घेऊन. दोघे वाहायचे, दोघे मोकळे चालायचे, मग खांदे बदलायचे. त्यांचे श्वास ऐकू येत होते. झोळीतून अण्णांचा फक्त हात दिसत होता, बांबूला धरलेला. सबंध वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं. हिराबाईच्या नवऱ्याला विचारलं, "दुखतंय का रे?"

"दुखतंय की," तो म्हणाला. "तुमाला?"

"मलाही."

"मंग बोलू नका. पाय बगू द्या मला माझा."

खाली रस्त्याला लागलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. तिथल्या हॉटेलात सगळ्यांनी मिसळ खाल्ली. तोवर मी फोन करून कर्जतहून मोटार मागवली. भाड्याची, मोठी, पांढरी. अण्णांनी हूं की चूं केलं नाही. निघताना त्यांनी झोळी वाहिलेल्या चौघांपुढे हात जोडले. मी आमच्या घरचा नंबर हिराबाईच्या नवऱ्याच्या मोबाइलमध्ये घालून दिला. हिराबाईने मला बाजूला घेतलं. "बापाला घरी नेऊन लगेच कर गं त्याचं. त्याला पुन्हा इचारू नको."

मी विचारलं नाही. पण घरी पोचल्यावर, सूज उतरली त्या सकाळी, अण्णांनीच डॉक्टरांना फोन लावला. ऑपरेशनच्या दिवशी इस्माईलकाका रसायनीहून आले. दारापर्यंत आम्ही दोघे त्यांच्या दोन बाजूंना होतो. आत जाताना अण्णांनी माझा हात घट्ट धरला होता, परिचारिकेने सोडवून घेईपर्यंत. नंतरचे तास कसे गेले ते लिहीत नाही. संध्याकाळी त्यांना शुद्ध आली तेव्हा काकांनी विचारलं, "काय रं दत्त्या, हायस ना?" आणि अण्णांनी डोळे न उघडता त्यांना एक शिवी दिली. काका व्हरांड्यात जाऊन रडले.

आता अण्णांना रोज सकाळी चालायला सांगितलंय. वॉकर सुटलाय, काठी आहे. मी बरोबर असल्याशिवाय ते फाटकाबाहेर पडत नाहीत, आणि मला कॉलेजला उशीर होतो. वाटेत ते शेजाऱ्यांच्या उभ्या गाड्यांवर बोलतात, पण पूर्वीपेक्षा हळू आवाजात. आजही सहालाच दारात येऊन उभे राहिले. मी उशीत तोंड खुपसून म्हटलं, "अण्णा, निदान रविवारी तरी!" ते काठीवर भार देऊन उभेच राहिले. मी चरफडत उठले आणि पायात चपला सरकवल्या.